बालीतली एका दिवसाची खासगी सहल: कमिशनच्या थांब्यांत दिवस कसा जातो

बालीत ‘गाडी, ड्रायव्हर, पेट्रोल, दहा तास’ अशी सहल कधीकधी इतरांच्या निम्म्या दरात मिळते. तिथेच सावध व्हायला हवे. पेट्रोल त्या गाडीलाही तेवढेच लागते. राहिलेले पैसे दुकानांच्या कमिशनमधून निघतात आणि त्यासाठी तुमचा अर्धा दिवस खर्ची पडतो.

किनाऱ्यावरच्या कुटा, सनूरकडून डोंगराकडच्या उबुद-किंतामणीला जाणाऱ्या सहलीचा साचा ठरलेला आहे. नऊला गाडी येते. तोहपातीला बाटिक, बातुबुलानला बारोंग हा मुखवट्यांचा नाच, चेलुकला चांदीचे दागिने, मासला लाकडी कोरीवकाम. हे सगळे उबुदच्या वाटेवरच येते आणि चेलुक, मासची कारागिरी खरोखर नावाजलेली आहे, त्यामुळे नाही म्हणायला जीभ रेटत नाही. ‘फक्त पंधरा मिनिटे’ म्हणत प्रत्येक ठिकाणी पाऊण तास जातो. काही दुकानांत शिरताना शर्टावर एक छोटा स्टिकर चिकटवतात. गिऱ्हाईक कोणत्या ड्रायव्हरने आणले हे गल्ल्यावर कळावे, एवढ्यासाठीच तो असतो. तुम्ही बिल भरले की त्याचा वाटा त्याच्या नावावर लागतो. तो वाटा किमतीत आधीच धरलेला असल्याने घासाघीस करून मिळालेली ‘सूट’ही फसवी असते.

तेगलालांगच्या भातखाचरांवर पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर येते. पुढे कॉफीचा मळा. चहा-कॉफीचे छोटे पेले चाखायला फुकट, लुवाक कॉफीच्या कपाचे पैसे वेगळे आणि बाहेर पडायची वाट विक्रीच्या दालनातून. लुवाक म्हणजे उदमांजर; त्याने खाऊन विष्ठेतून टाकलेल्या बियांची ही कॉफी. ‘जंगलातल्या लुवाकची’ म्हणून महागडे पाकीट गळ्यात मारतात, पण ते खरे की खोटे हे गिऱ्हाइकाला तपासता येत नाही, आणि पिंजऱ्यात कोंडलेल्या उदमांजरांचे हाल तर पाहवत नाहीत. ही कॉफी घेऊच नये.

सगळ्यात मोठे नुकसान किंतामणीला होते. १,७१७ मीटर उंचीचा बातूर ज्वालामुखी आणि पायथ्याचे सरोवर सकाळी स्वच्छ दिसते, दुपारी मात्र पुष्कळदा ढग खाली उतरतात. दुकाने करत दीडला पोहोचलेल्या माणसाला महागडे बुफे जेवण आणि काचेपलीकडचे धुके एवढेच मिळते. परतीला उशीर झाला की अकराव्या तासाचे जादा पैसेही त्याच्याकडूनच मागतात.

म्हणून क्रम उलटा करून घ्या. साडेसहाला निघून थेट किंतामणी, मग तिर्ता एम्पुल हे पवित्र झऱ्याचे देऊळ, उतरताना तेगलालांग, शेवटी वेळ उरला तर उबुद. ‘दुकानाचा किंवा कॉफीच्या मळ्याचा एकही थांबा नको’ हे वाक्य ठिकाणांच्या यादीसह व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि होकारही लिहूनच घ्या. त्यासाठी दर थोडा वाढवून मागितला तर जरूर द्या. कमिशन बुडाल्यावर त्या ड्रायव्हरच्या हाती काय राहणार, याचाही विचार करायला हवा.

‘सगळे धरून’ या शब्दांवर विसंबू नका. प्रवेश तिकिटे, पार्किंग, जेवण, जादा तास यांतले काय धरले आहे ते एकेक करून विचारा. देवळांत परदेशी पाहुण्यांचा दर वेगळा असतो आणि तो खिडकीवर लिहिलेला असतो. ड्रायव्हरच्या हाती रोख न देता तिकीट स्वतः काढा. देवळात जाण्यासाठी सारोंग (कमरेला गुंडाळायचे वस्त्र) विकत घ्यावाच लागतो, असे वाटेतल्या दुकानात सांगतात. तिर्ता एम्पुलला तो प्रवेशावरच वापरायला मिळतो. ‘गाईड’ हा शब्दही तपासून घ्या. बहुतेक ठिकाणी नुसता ड्रायव्हर येतो आणि तो देवळाबाहेर गाडीतच थांबतो. परवानाधारक गाईडकडे ओळखपत्र असते, ते दाखवायला सांगा.

१४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत परदेशी प्रवाशांकडून १,५०,००० रुपिया कर घेतो. तो एका भेटीला एकदाच भरायचा असतो. ‘सहलीपुरता वेगळा’ किंवा ‘रोजचा’ म्हणून कोणी मागितला तर देऊ नका. भरायचा तो सरकारी ‘लव्ह बाली’ संकेतस्थळावर, ज्याचा पत्ता ‘गो डॉट आयडी’ने संपतो.

वाटेत ड्रायव्हर ‘चांगला दर’ देणाऱ्या पैसे बदलणाऱ्याकडे नेईल. बँकेपेक्षा चढा दर आणि वर कमिशन नाही, असा फलक दिसला की समजा, कसर मोजणीत काढतात. दहा लाख रुपिया २०,००० च्या पन्नास नोटांत देतात, तुमच्यासमोर थप्प्या लावतात, आणि शेवटी उचलून सारख्या करताना काही नोटा काउंटरमागे सरकवतात. तुम्ही मोजल्यानंतर त्या नोटांना त्याचा हात लागता कामा नये. लागला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. तो चिडला तर आपले पैसे परत घेऊन निघा. १,००,००० ची नोट लाल, १०,००० ची जांभळी. शून्ये मोजून मगच द्या.

अ‍ॅडव्हान्स कमीत कमी द्या आणि उरलेली रक्कम हॉटेलच्या दारात उतरल्यावर द्या. सगळे पैसे आधी मागणाऱ्याची गाडी ठरवू नका. सकाळी बसण्याआधी गाडीच्या नंबराचा फोटो घ्या आणि आत दुसरे कोणी बसलेले नाही ना, ते पाहा. ‘वाटेत सोडायचा भाऊ’ म्हणून आणखी प्रवासी कोंबले असतील तर ती खासगी सहल नाही. तिथल्या तिथे दर कमी करून घ्या, नाहीतर उतरा.