खान्देशातले प्लॉट-फ्लॅटचे एजंट: कोणती पार्टी परत पाठवतात, त्यावरून पारख

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, कुठेही एजंटाकडे गेलात तर जागा दाखवण्यात तो कमी पडत नाही. सकाळी फोन केला की संध्याकाळपर्यंत तीन-चार जागा पाहून होतात, गाडीही त्याचीच असते. दलाली सहसा 1 ते 2 टक्के, भाड्याच्या घराला एक महिन्याचं भाडं. त्या पैशात जागा दाखवणं, भाव जुळवणं आणि नोंदणीच्या दिवशी सोबत उभं राहणं एवढं मिळतं. सेवेचा हा भाग चांगलाच आहे.

कमी पडतं ते दुसरीकडे. जी पार्टी घेऊच नये, ती घेतली जाते. कागद अर्धवट असले तरी "व्हई जाई, भाऊ" म्हणून बयाणा स्वीकारला जातो, आणि पुढे पैसे अडकतात ते घेणाऱ्याचे.

सगळ्यात जास्त सौदे अडतात वारसांवर. वडील गेले, सातबाऱ्यावर दोन भावांची नावं चढली, बहिणींची चढलीच नाहीत. भाऊ म्हणतात, बहिणी काही मागत नाहीत. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तो सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, नोटरीचा कागद किंवा तोंडी होकार चालत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी आल्या की सह्या घेऊ, असं आपल्याकडे नेहमी ऐकू येतं. घेऊ द्या की. पण तोवर एजंटाने बयाणा घेऊ नये आणि घेऊही देऊ नये. शिवाय आखाजीचा झोका सोडवून बहिणीला सहीला बसवायचं असेल, तर ती कशावर सही करते आहे हे तिला आधी नीट सांगितलं पाहिजे. चांगला एजंट फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदीचा, क्रमांक वाचतो, वारसनोंदीचा फेरफार काढायला लावतो, आणि एक जरी नाव राहिलेलं दिसलं तरी फाइल परत देतो.

दुसरा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यात, तसाच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर भागात रोज येतो. सातबारा हातात घेतल्यावर नजर आधी भोगवटादाराच्या नावाजवळच्या वर्गावर जावी आणि मग 'इतर अधिकार' या रकान्यावर. तिथे आदिवासी खातेदाराचा किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ चा शेरा असेल, तर बिगर आदिवासीला विक्री करायला शासनाची पूर्वमान्यता आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. 6 जुलै 1974 पासून हीच तरतूद आहे. शेरा लिहायचा राहिला म्हणून जमीन मोकळी होत नाही. खातेदाराची जमात आणि जुने फेरफार पाहावेच लागतात. ज्या पार्टीला परवानगीविना मार्ग हवा असतो, ती 99 वर्षांचा करार, कुलमुखत्यारपत्र किंवा आपल्या आदिवासी सालदाराच्या, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्याच्या, नावे खरेदी सुचवते. शेवटचा मार्ग सरळ बेनामी व्यवहार आहे. त्याला 7 वर्षांपर्यंत कैद, बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड आणि मालमत्ता जप्त. इथे एजंटाने कामाला हातच लावू नये. असं काम घेणारा एजंट त्या आदिवासी कुटुंबाची जमीन हिसकावायला मदत करतो, हे स्पष्ट बोललं पाहिजे. वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, इतर जमीन असेल तर परवानगीचा आदेश आधी, टोकन नंतर.

शहराभोवती शेतात पाडलेल्या प्लॉटांचंही तेच. 500 चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा मोठ्या जागेवरचे प्लॉट विकायचे तर प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, नोंदणी लागते आणि विकून देणाऱ्या एजंटाचीही. प्रकल्पाचा क्रमांक पी अक्षराने सुरू होतो, एजंटाचा ए अक्षराने. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतात. नोंदणी नसलेला प्रकल्प विकून दिला तर एजंटाला दिवसाला 10,000 रुपये, वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. दलाली 2 टक्के आणि दंड 5 टक्के, हा हिशेब लेआउट विकायला निघालेल्याने आधी करावा. बिनशेतीचे कागद आणि मंजूर नकाशा न दाखवणाऱ्या जमीनमालकाला तर चहा पाजून परत पाठवावं.

रोखीबद्दल थोडक्यात. "अर्धे चेकने, अर्धे वर" म्हणणारी पार्टी दोन्ही बाजूंना गोत्यात आणते. स्थावर मालमत्तेच्या सौद्यात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली की जितकी घेतली तितकाच दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला.

घेणारी पार्टीही परत पाठवावी लागते, आणि याकडे आपल्याकडचे बरेच एजंट लक्षच देत नाहीत. 30 लाखांचा फ्लॅट धरा. बँक जास्तीत जास्त 90 टक्के, म्हणजे 27 लाख देईल. उरलेले 3 लाख, मुद्रांक शुल्क सुमारे 6 टक्के म्हणजे 1 लाख 80 हजार, नोंदणी फी 30 हजार, वर दलाली. हातात साडेपाच लाख नसतील तर त्या माणसाला बयाणा द्यायला लावणं पाप आहे. बँकेचं मंजुरीपत्र येईपर्यंत थांबा म्हणणारा एजंट भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

भाड्याच्या घरात मालक अमुक जातीचा, अमुक धर्माचा भाडेकरू नको म्हणतो. फार थोडे एजंट "ही अट मी कुणाला विचारणार नाही" असं तोंडावर सांगतात. सगळ्यांनीच सांगावं.

नकार कसा दिला जातो, त्यावरूनही सेवा कळते. चांगल्या कार्यालयात कारण एका ओळीत व्हॉट्सॅपवर लिहून मिळतं: "बहिणीचं हक्कसोडपत्र नोंदवलेलं नाही, ते झाल्यावर या." मूळ कागद त्याच दिवशी पोच घेऊन परत मिळतात, टोकन घेतलं असेल तर ते चेकने. वाईट कार्यालयात नकार येतच नाही. तीच फाइल अर्ध्या दलालीवर दुसऱ्या दलालाकडे सरकवली जाते, आणि महिन्याभराने तीच जागा नव्या फोटोंसह पुन्हा समोर येते. म्हणून पहिल्या भेटीत एजंटाला महारेराचा नंबर विचारा आणि लगेच पुढचा प्रश्न: गेल्या वर्षभरात कोणती जागा घ्यायला नकार दिला, आणि का? खरं काम करणारा गट नंबर आणि कागदातली नेमकी खोट सांगतो.