पासपोर्ट खरा होता, घोडी दुसरीच निघाली

माळेगावच्या यात्रेतून मी मारवाडी घोडी आणली. कुमैत रंग, म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ, कपाळावर टिळा, मागचे दोन्ही पाय पांढरे. विकणाऱ्यानं पासपोर्ट, म्हणजे घोडीचं ओळखपत्र, पुढं केलं. त्यात फोटो होते, मानेत कातडीखाली बसवतात त्या चिपचा १५ आकडी नंबर होता. "मालक, कागद अन् घोडी मिळवून घ्या," असं तोच म्हणाला. मी टिळा बघितला, पाय बघितले, भाव करायला रुमालाखाली बोटं धरली आणि १ लाख ८० हजाराला सौदा ठरवला.

चैत्रात घोडीनं जुने केस टाकले. मागच्या डाव्या पायाला मुळातून काळे केस यायला लागले. डॉक्टरांनी पाय ओला करून केस विंचरून बघितले. उजव्या पायाची कातडी गुलाबी, डाव्याची काळी. जन्माच्या पांढऱ्या खुणेखाली कातडी बहुधा गुलाबीच असते. डाव्या पायाचा रंग औषधानं उडवला होता. मग चिप वाचायचं यंत्र मानेच्या डाव्या अंगाला फिरवलं, उजव्याही फिरवलं. काहीच वाजलं नाही.

मला आजही सलतं ते केसांच्या भोवऱ्याचं. पासपोर्टातल्या आकृतीत कपाळावर एकच फुली, म्हणजे एक भोवरा. माझ्या घोडीला एकाखाली एक असे दोन. बाजारात मी दोन्ही भोवरे बोटानं चाचपले होते, पण शुभ की अशुभ एवढंच बघायला. भोवरा जन्मभर बदलत नाही, औषधानं पुसतही नाही. तिथंच कागदाशी ताडून बघितलं असतं तर इसारही दिला नसता.

फोटोही आता नीट बघितले. घोडी गवतात उभी, खूर दिसतच नाहीत. उजव्या बाजूचा फोटोच नाही. समोरच्या फोटोत आयाळ कपाळावर आलेली. असे फोटो कुठल्याही कुमैत घोडीला लागू पडतात.

भावांनो, यात्रेला जाताना पाण्याची बाटली आणि चिपचं यंत्र असलेला डॉक्टर सोबत न्या. पायातले घुंगरू, पट्ट्या सोडायला लावा. स्वतःच्या जनावराच्या नोंदणीसाठी फोटो काढताना त्याला कोरड्या, टणक जागी उभं करा, ऊन तुमच्या पाठीशी ठेवा, आयाळ बाजूला करा. दोन्ही बाजू, समोरून, मागून, चारही पाय खुरापर्यंत, आणि प्रत्येक भोवरा जवळून घ्या.

घोडी माझ्याच दावणीला आहे, तिचा यात काय दोष? तिला शिंगरू झालंय, टिळ्यासकट देखणं. आईचा कागद नाही, म्हणून त्याचीही नोंदणी अडली आहे.