हाडातील रोपणासाठी सच्छिद्र निटिनॉल की सच्छिद्र टायटॅनियम?

सच्छिद्र निटिनॉलची (निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची) बाजू मांडताना बहुधा कमी ताठरतेचा मुद्दा पुढे केला जातो. रोपण हाडापेक्षा फार ताठर असले की भार तेच पेलते आणि भोवतालचे हाड विरळ होत जाते, हे खरेच आहे. मात्र केवळ ताठरता उतरवायची असेल, तर निकेल-टायटॅनियमच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. उघड्या छिद्रांच्या धातूत स्थितिस्थापकता गुणांक (ताठरतेचे माप) ढोबळमानाने सापेक्ष घनतेच्या (भरीव धातूच्या तुलनेतील घनतेच्या) वर्गाच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे ११० गिगापास्कल गुणांकाच्या नेहमीच्या वैद्यकीय टायटॅनियम मिश्रधातूत सुमारे ६३ टक्के सच्छिद्रता ठेवली, तर तो कठीण हाडाला मानवणाऱ्या १५ गिगापास्कलपर्यंत येतो. ऑस्टेनाइट (भार नसतानाची स्फटिकरचना) अवस्थेतील निटिनॉलचा गुणांक ७० गिगापास्कल धरल्यास त्यासाठी ५४ टक्के पुरतात. प्रत्यक्षातले आकडे छिद्रांच्या आकारानुसार हलतात, पण एवढ्या फरकावर निवड ठरवू नये.

बळकटीच्या बाबतीत तर टायटॅनियमच सरस ठरू शकते. त्याची भरीव अवस्थेतील नमनसीमा (ज्या प्रतिबलाला, म्हणजे दर क्षेत्रफळावरील बलाला, धातू कायमचा वाकू लागतो) ८०० मेगापास्कलच्या वर असते, तर निटिनॉलमध्ये त्याच्या जवळपास निम्म्या प्रतिबलालाच ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट (दुसरी, सहज आकार बदलणारी स्फटिकरचना) होऊ लागते. निटिनॉल लवकर नमते, पण भार काढल्यावर पूर्ववत होते, आणि त्याचे खरे वेगळेपण येथेच आहे. भरीव निटिनॉल ८ टक्क्यांपर्यंतची विकृती (भाराने झालेला आकारबदल) परत भरून काढते. टायटॅनियमची मर्यादा १ टक्क्याच्या आसपासच संपते. सच्छिद्र रूपात निटिनॉलचा हा आकडा बराच खाली येतो, तरी दाबून बसवायच्या किंवा वारंवार दबणाऱ्या भागासाठी तो निर्णायक ठरतो.

हे पडताळण्यासाठी भार-उतार आलेख (भार चढवताना व उतरवताना प्रतिबल आणि विकृती दाखवणारा) स्वतः पाहावा. भरीव तारेच्या आलेखात जो जवळजवळ सपाट पट्टा दिसतो, तो सच्छिद्र नमुन्यात तिरका होतो, कारण छिद्रांमधल्या अरुंद मानांवर (धातूच्या बारीक दुव्यांवर) प्रतिबल आधी साचते आणि रूपांतर सगळीकडे एकाच वेळी होत नाही. भार चढवून उतरवण्याच्या पहिल्या आवर्तनानंतर थोडी विकृती उरणे नेहमीचेच आहे. पुढच्या आवर्तनांतही ती वाढत राहिली, तर मानांवर धातू कायमचा वाकतो आहे असे समजावे. चाचणी ३७ अंश सेल्सियसलाच केलेली असावी. निकेलचे प्रमाण दशांश टक्क्याने हलले तरी रूपांतराचे तापमान दहा अंशांनी किंवा त्याहूनही अधिक सरकू शकते, त्यामुळे खोलीच्या तापमानाचा आलेख फारसा उपयोगाचा नाही.

हेच प्रमाण सांभाळणे निर्मितीत सर्वांत अवघड जाते. सुट्या निकेल आणि टायटॅनियमच्या भुकट्यांपासून ज्वलनाने केलेली निर्मिती स्वस्त पडते, परंतु तीत टीआय२एनआय आणि एनआय३टीआय यांसारख्या ठिसूळ प्रावस्था (वेगळ्या प्रमाणातली टायटॅनियम-निकेल संयुगे) राहून जातात, आणि छिद्रे ज्वलनलहरीच्या दिशेने लांबट झाली तर दोन दिशांचे गुणधर्मही जुळत नाहीत. आधीच मिश्रित भुकटी महाग असली तरी या बाबतीत बरी. लेसरने थर वितळवून केलेल्या जाळीत छिद्रांचा आराखडा हातात राहतो, पण वितळताना निकेल उडून जाते. टायटॅनियमच्या जाळीला रूपांतराच्या तापमानाची ही चिंता नसते.

म्हणून स्थिर दाबाखाली हाड धरून ठेवणाऱ्या साध्या ठोकळ्यासाठी मी टायटॅनियमच सुचवेन, आणि दबून पुन्हा उलगडणाऱ्या भागासाठी निटिनॉल. छिद्रांमुळे शरीरद्रवाला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो, त्यामुळे निटिनॉल निवडल्यास निकेल झिरपण्याची चाचणी भरीव तुकड्यावर नव्हे, तर तयार सच्छिद्र भागावरच झालेली असावी. रुग्णाला निकेलची ॲलर्जी असेल, तर निटिनॉलचा विचारच करू नये.