हिंदी डबिंग की मूळ आवाज आणि सबटायटल्स?

परभाषेतला चित्रपट सुरू करण्यापूर्वी पडद्यावर भाषांची यादी उघडते आणि आमच्या धुळ्याच्या घरात बरीचशी चर्चा तिथेच होते. आईला हिंदी हवी असते, कॉलेजात जाणाऱ्या पुतणीला मूळ इंग्रजी किंवा जपानी हवी असते, आणि रिमोट माझ्या हातात असल्यामुळे निर्णय माझ्याकडे येतो. गेल्या वर्षभरात विज्ञानकथा, भयपट आणि ॲनिमेशन या तीन प्रकारांतले बरेच चित्रपट मी दोन्ही पद्धतींनी पाहिले. काही तर एकदा हिंदीत आणि एकदा मुळात, असे दोनदा पाहिले. ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी तो अनुभव इथे मांडतो आहे. तो एका घराचा आणि एका टीव्हीचा अनुभव आहे, एवढे लक्षात घेऊन तो वाचावा.

आधी हिंदी डबिंगची बाजू मांडतो, कारण चित्रपटांची आवड असलेली मंडळी तिला उगाच कमी लेखतात. खान्देशात हिंदी परकी नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या आमच्या शहरात ती बाजारात, गॅरेजमध्ये आणि एसटी स्टँडवर रोज कानावर पडते, आणि अहिराणी बोलणारा माणूस बोलता बोलता हिंदीत कधी शिरला हे त्याचे त्यालाही कळत नाही. तासाभराच्या अंतरावरच्या मालेगावात तर हौशी मंडळींनी आपल्या बोलीतला सुपरमॅनच उभा केला. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात नासिर शेख आणि त्यांचे सहकारी तो कसा घडवतात हे पाहिले, की आकाशात उडणारा परदेशी नायक आपल्या गल्लीत किती सहज वावरू शकतो हे पटते. अर्थात ते डबिंग नव्हे, नव्याने केलेली निर्मिती आहे. पण पडद्यावरचा माणूस आणि त्याचा आवाज एकाच मातीतले असले तर भाषा कोणतीही चालते, ही गोष्ट मला तिथे प्रथम जाणवली आणि पुढच्या प्रत्येक चित्रपटाच्या वेळी ती आठवत राहिली.

हिंदीच्या बाजूचे सर्वांत वजनदार कारण माझ्या घरात माझी आई आहे. ती रोजचे वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, परंतु सावकाश वाचते, आणि सबटायटल्सची दुसरी ओळ तिच्या हाती लागण्यापूर्वीच पडद्यावरून गेलेली असते. त्यातही ती बहुधा इंग्रजीत असतात. मराठी सबटायटल्स मला इतक्या कमी वेळा सापडली आहेत की त्यांच्या भरवशावर चित्रपट निवडता येत नाही, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते. मुळातला चित्रपट लावला की दर दोन मिनिटांनी “काय म्हनी ऱ्हायना तो?” असा प्रश्न येतो, मी अहिराणीत उत्तर देतो, तेवढ्यात पुढचे दोन संवाद निघून जातात आणि मग आम्ही दोघेही मागे पडतो. ज्यांच्या घरी लहान मुले किंवा वडीलधारी माणसे सोबत बसतात, त्यांच्यासाठी हा मुद्दा कदाचित बाकी सगळ्या मुद्द्यांहून मोठा ठरेल.

ॲनिमेशनच्या बाबतीत मी डबिंगला जवळजवळ विनाअट मत देतो. चित्रातल्या पात्राला स्वतःचा गळा नसतो. त्याचा मूळ आवाजही स्टुडिओत माइकसमोर उभ्या असलेल्या कोणा कलावंताने दिलेला असतो, त्यामुळे हिंदी आवाज देणारा कलावंत कोणाची जागा हिरावून घेत नाही. २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्या दहांत मराठीही होती, याचा मला मनापासून आनंद झाला होता. त्या चित्रपटात प्रत्येक विश्वाची चित्रशैली वेगळी आहे, चौकटीचा कोपरा न् कोपरा भरलेला आहे, आणि तिथे डोळे खालच्या दोन ओळींवर ठेवणे म्हणजे ताटातले पक्वान्न सोडून मिठाकडे पाहत बसणे होय. याला अपवाद एकच आढळला. ‘द वाइल्ड रोबॉट’ या २०२४ च्या चित्रपटात रॉझ या यंत्राला लुपिता न्योंगो यांचा आवाज आहे. सुरुवातीला दुकानातल्या जाहिरातीसारखा चकचकीत वाटणारा तो आवाज पिल्लू वाढवता वाढवता इतक्या हळूहळू ओला होत जातो, की हा बदल ऐकण्यासाठी तरी एकदा तो मुळात पाहावा असे मी सुचवीन.

आणि ज्यांना आमच्यासारखी घरात रोज तडजोड करावी लागते, त्यांनी ‘फ्लो’ अवश्य पाहावा. गिंट्स झिल्बालोडिस या लॅटव्हियन दिग्दर्शकाचा २०२४ चा हा ॲनिमेशनपट ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. त्यात एकही संवाद नाही. एक मांजर, वाढत जाणारे पाणी, एक होडी आणि तिच्यात जमत गेलेले प्राणी, एवढेच आहे. तासाभराहून थोड्या अधिक वेळात आईने एकदाही काही विचारले नाही. मांजर पहिल्यांदा पाण्याखाली गेले तेव्हा मात्र ती “बुडी जाई रे ते!” असे म्हणून सरसावून बसली आणि नंतर कितीतरी वेळ आम्ही आमच्या पांझरा नदीला आलेल्या पुरांबद्दल बोलत राहिलो.

विज्ञानकथांमध्ये माझा कौल मूळ आवाजाकडे झुकतो, तरी इथे मतभेदाला जागा आहे हे मान्य करतो. ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘इंटरस्टेलर’मध्ये कित्येक महत्त्वाची वाक्ये हान्स झिमर यांच्या ऑर्गनच्या संगीताखाली दबतात, आणि पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे हे वाक्य निसटले, तर तेवीस वर्षांचे साठलेले निरोप एका बैठकीत पाहणाऱ्या बापाचे रडणे अर्धेच पोहोचते. हिंदीत संवाद संगीताच्या वर आणून ठेवलेले असले तर तेवढ्यापुरती सोय होते. परंतु सबटायटल्स लावली, तर संगीताला धक्का न लावता तीच सोय होते, म्हणून मला ती अधिक प्रामाणिक वाटतात.

या प्रकारात माझे मत पक्के झाले ते डेनी व्हिलनव्ह यांच्या ‘अरायव्हल’मुळे. टेड चियांग यांच्या कथेवरचा २०१६ चा हा चित्रपट भाषांतराबद्दलच आहे, त्यामुळे तो कोणत्या भाषेत पाहायचा हा प्रश्न जणू कथेच्या आतच शिरतो. परग्रहवासीयांनी काढलेल्या चिन्हांचा अर्थ ‘शस्त्र’ असा लावला जातो आणि जगभरची सैन्ये सज्ज होतात. भाषाशास्त्रज्ञ नायिका मात्र सांगत राहते की त्या चिन्हाचा अर्थ ‘साधन’ असाही असू शकेल. सबटायटल्समधले ते दोन इंग्रजी शब्द वाचताना माझ्या मनात आपला एकच शब्द उभा राहिला: हत्यार. आमच्या गल्लीतला सुतार संध्याकाळी रंधा, पटाशी आणि करवत गोळा करतो तेव्हा ‘हत्यारं’ पिशवीत भरतो, आणि पोलिसांनी जप्त केलेली तलवारही हत्यारच असते. ज्या संदिग्धतेपायी चित्रपटात युद्धाची वेळ येते, ती मराठीच्या एका शब्दात रोज नांदते आहे, हे मला त्या रात्री पहिल्यांदा उमगले. सबटायटल वाचणारा मनातल्या मनात स्वतःचे भाषांतर करीत असतो. डबिंगमध्ये ते काम दुसऱ्या कोणीतरी आपल्या वतीने आधीच संपवलेले असते. हिंदी ऐकत बसलो असतो तर ‘हत्यार’ हा शब्द मला सुचला असता का, याबद्दल मला शंका वाटते.

आता भयपट, आणि ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला ती गोष्ट. चित्रीकरणाच्या वेळी नोंदवलेल्या आवाजात ती जागाही ऐकू येते: भिंतींवरून परत आलेला नाद, बोलणाऱ्याचे अंतर, मान वळवल्यावर बदललेला सूर. डबिंग करणाऱ्यांना संवाद वगळून फक्त संगीत आणि इतर ध्वनींचा ट्रॅक मिळतो, आणि त्यावर गाद्या लावलेल्या बंद खोलीत, माइकच्या अगदी जवळ उभे राहून नोंदवलेले नवे संवाद बसवले जातात. अंतराचा आणि घुमण्याचा भास नंतर घालता येतो, आणि वेळ व काळजी दिली तर तो उत्तमही साधतो, परंतु माझ्या वाट्याला आलेल्या बहुतेक भयपटांत तो साधलेला नव्हता. तिथे दूरचा माणूसही जवळूनच बोलतो, आणि कुजबुज नुसती हळू आवाजातल्या बोलण्यासारखी ऐकू येते.

हे मला मे महिन्यातल्या एका रात्री कळले. रात्रीचे अकरा वाजले तरी भिंती तापलेल्या होत्या, कूलर पूर्ण वेगाने चालू होता आणि त्याच्या घरघरीवर मात करण्यासाठी टीव्हीचा आवाज मी बराच वाढवला होता. चित्रपटातली लहान मुलगी वरच्या मजल्यावरून, लांब बोळाच्या टोकाच्या बंद दाराआडून आईला हाक मारते असा प्रसंग होता. हिंदीतली ती हाक इतकी स्वच्छ आणि जवळून आली, की ती मुलगी आमच्या सोफ्यावर बसली असावी असे वाटले. दार बंद होते, बोळ लांब होता, पडद्यावरच्या आईचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता, आणि हाक मात्र आमच्या खोलीतली होती. त्या क्षणी भीती गेली ती परत आली नाही. पुतणीने सुचवले म्हणून मी दोन मिनिटे मागे जाऊन मूळ आवाज लावला. तीच हाक आता बारीक होती, दाराच्या लाकडात तिचा पहिला स्वर बुडाला होता, आणि ती नक्की कुठून आली हे कळेपर्यंत दुसरी आली. आम्ही दोघेही काही बोललो नाही. मी उठून कूलर बंद केला, आणि उरलेला चित्रपट आम्ही घामाने निथळत, जागचे न हलता पाहिला. त्यानंतर भयपट हिंदीत लावावासा मला वाटलेला नाही.

मूळ आवाज निवडणाऱ्यांनी एक काळजी मात्र घ्यावी. सबटायटल्सच्या यादीत अनेकदा दोन नोंदी असतात, त्यांतली एक कर्णबधिर प्रेक्षकांसाठी असते आणि तिच्यात दाराचे करकरणे, पावलांचा आवाज, मागून आलेला श्वास हे सारे कंसात लिहिलेले असते. ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्यासाठी ती अत्यावश्यक आहे. ऐकू येणाऱ्याला मात्र ती दचकण्याची सूचना काही क्षण आधीच देऊन टाकते. म्हणून साधी नोंद निवडावी. ‘अ क्वायट प्लेस’ हा जॉन क्रासिन्स्की यांचा २०१८ चा चित्रपट या बाबतीत निराळाच आहे. आवाजावर शिकार करणाऱ्या प्राण्यांपासून वाचण्यासाठी त्यातले कुटुंब खुणांच्या भाषेत बोलते, आणि त्या खुणांचा अर्थ मूळ चित्रपटातच अक्षरांत दिलेला आहे. तिथे भाषेची निवड फारशी महत्त्वाची नाही. कूलर बंद करणे मात्र महत्त्वाचे आहे.

‘तुंबाड’ या भयपटाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, जरी तो मुळातच हिंदी असल्यामुळे त्याच्यापुढे हा पेच उभा राहत नाही. कोकणातल्या मराठी घरातली माणसे हिंदी बोलतात हे मला सुरुवातीची दहा मिनिटे खुपले, आणि मग ती हिंदी त्या पावसात, त्या ओल्या वाड्यात अशी मिसळून गेली की तिची आठवणही राहिली नाही. आवाज आणि घर तिथे एकत्रच घडले होते.

तेव्हा सोबत कोण बसणार आहे, हे आधी पाहावे. घरातली सगळी माणसे एकत्र असतील आणि चित्रपट ॲनिमेशनचा असेल, तर हिंदी, आणि मिळाली तर मराठी, निःसंकोच लावावी. विज्ञानकथेत ज्याची त्याची वाचनाची गती पाहून ठरवावे. माझा कल मी वर सांगितलाच आहे. भयपटाला मात्र मूळ आवाजच द्यावा, असे मी आग्रहाने नाही तरी मनापासून सांगेन. आमच्याकडे आता तशी व्यवस्थाच लागून गेली आहे. भयपटाच्या रात्री आई आपले अंथरूण घेऊन गच्चीवर झोपायला जाते, मी आणि पुतणी कूलर बंद करून खाली बसतो, आणि मध्येच कधीतरी जिन्याच्या वळणावरून, बंद दाराआडून, अंधारातून आईची हाक येते: “व्हयनं का रे?” आणि आम्ही दोघेही दचकतो.