एकच वळण, चार गेम: रेसिंग सिम घ्यायची तर कुठली?

"सगळ्यात रिअल रेसिंग गेम कुठला" हे मला सारखं कोणी ना कोणी विचारतं आणि मी दरवेळी उलटा प्रश्न टाकतो, की तुला नक्की काय रिअल पाहिजे? गाडी, रस्ता, की रेस? या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच गेममध्ये तिन्ही सारख्या जोरात मिळत नाहीत, निदान मला तरी अजून मिळाल्या नाहीत. ज्या चार गेममध्ये मी सगळ्यात जास्त तास घातलेत तेवढेच इथे घेतो: ग्रॅन टुरिस्मो ७, असेटो कोर्सा, असेटो कोर्सा कॉम्पेटित्सिओने (सगळे एसीसी म्हणतात, मीही तेच म्हणेन) आणि आयरेसिंग.

तुलनेसाठी जागा एकच धरतो, म्हणजे गोंधळ नको. इंग्लंडमधलं ब्रँड्स हॅच. हा ट्रॅक चारही गेममध्ये आहे, १९६४ ते १९८६ या काळात तिथे १२ वेळा ब्रिटिश ग्रां प्री झालीय, आणि त्याचं पहिलंच वळण, पॅडॉक हिल बेंड, मला विचाराल तर सिमची, म्हणजे खऱ्या गाडीसारखं वागायचा प्रयत्न करणाऱ्या गेमची, खरी परीक्षा आहे. सरळ पट्टा किंचित चढत जातो, चढ संपतो तिथेच ब्रेक मारायचा, वळणाचा शेवट दिसतच नाही, आणि गाडी उजवीकडे वळवली की पुढची जमीन एकदम खाली निघून जाते. तळाला पोचलात की सस्पेन्शन गच्च दबतं आणि लगेच ड्रुइड्स या पुढच्या वळणाचा चढ सुरू.

गाडी माझदाची छोटी एमएक्स-५. ताकद कमी, मागच्या चाकांवर चालणारी, काही लपवत नाही. पॅडॉकला ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येतं. ब्रेक एकदम सोडलात तर ते वजन पटकन मागे जातं, पुढच्या टायरची पकड सुटते आणि गाडी वळायचं सोडून सरळ वाळूकडे निघते. ब्रेक तसाच धरून ठेवलात तर मागची बाजू हलकी होते आणि शेपूट बाहेर. म्हणजे स्टिअरिंग जितकं वळवत जाल तितका पाय ब्रेकवरून थोडा थोडा उचलत जायचा, याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, आणि खरं सांगतो, सिमचं वेड लागतं ते इथे. ग्राफिक्समुळे नाही, गाड्यांच्या आकड्यामुळे नाही. पन्नासाव्या लॅपला पाय बरोबर सुटतो, गाडी आपणहून आतल्या कर्बकडे (ट्रॅकच्या कडेची उंच पट्टी) झुकते, आणि पुढचे दहा लॅप तुम्ही तीच एक गोष्ट परत जमवायचा प्रयत्न करत बसता.

आता ग्रॅन टुरिस्मो ७. काझुनोरी यामाउची आणि त्याची पॉलिफनी डिजिटल ही टीम १९९७ पासून ही मालिका बनवतेय, सातवा भाग मार्च २०२२ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि ५ साठी आला. याचं प्रेम गाडीवर आहे, ते प्रत्येक स्क्रीनवर दिसतं. रंग, इंटिरिअर, त्या मॉडेलचा इतिहास, सगळं इतकं मन लावून केलंय की गाड्यांची आवड असलेला माणूस रेस न करताही तासभर आत राहतो. पॅडॉकला एमएक्स-५ व्यवस्थित वागते, वजन हललेलं जाणवतं, पण थोडी समजूतदार वागते, चूक केलीत तर सांभाळून घेते. साधा कंट्रोलर असेल तर मी दुसऱ्या कशाचं नावच घेणार नाही, कारण प्लेस्टेशन ५ चा ब्रेक ट्रिगर बोटाला खरोखर अडवतो आणि एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी सोय) लागलं की थरथरतो, त्यामुळे व्हील, म्हणजे गेमसाठीचं खरं स्टिअरिंग, नसतानाही थोडंफार हाताला कळतं. शिवाय लायसन्स टेस्ट. एकच वळण, एकच ब्रेक, ब्राँझ सिल्व्हर गोल्ड. नवख्या माणसाला ब्रेकिंग पॉइंट म्हणजे काय हे शिकवायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

मला खटकतं ते म्हणजे, जवळजवळ सगळा गेम इंटरनेटला बांधलेला आहे, एकट्याने खेळायचं असलं तरी. मार्च २०२२ मध्येच एका अपडेटनंतर सर्व्हर ३० तासांहून जास्त बंद होते आणि तेवढा वेळ बहुतेक गेमला हातच लावता येत नव्हता. आणि महागड्या गाड्यांसाठी क्रेडिट जमवायला त्याच त्याच रेस परत परत माराव्या लागतात. तरीसुद्धा या मालिकेला कोणी खेळणं म्हटलं की मी लुकास ओर्दोन्येझचं नाव घेतो. २००८ मध्ये ग्रॅन टुरिस्मोवर झालेली जीटी अकॅडमी स्पर्धा जिंकून तो खऱ्या रेसिंगमध्ये गेला आणि २०११ च्या ल मानमध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या रेसमध्ये, त्याची टीम एलएमपी२ या गाड्यांच्या गटात दुसरी आली.

असेटो कोर्सा मात्र वेगळ्याच मातीचा. इटलीतली कुनोस सिमुलात्सिओनी नावाची छोटी कंपनी, पीसीवर पूर्ण गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला, म्हणजे वयाने म्हातारा, मेनू रुक्ष, संगणक चालवतो त्या समोरच्या गाड्या कधी कधी आपण तिथे नसल्यासारखे अंगावर येतात. पण रस्ता! लेझर स्कॅन म्हणजे खऱ्या ट्रॅकवर लेझर फिरवून प्रत्येक उंचवटा, खड्डा, कर्बचा उतार मोजून घेतात आणि मग तोच गेममध्ये बसवतात, आणि असेटोमध्ये तो रस्ता स्टिअरिंगमधून सरळ तळहातात येतो. पॅडॉकच्या चढाला व्हील हातात हलकं पडतं, अगदी अर्धा क्षण, आणि तेवढ्यात कळतं की पुढच्या टायरवर आत्ता वजन नाही, थांब, अजून वळवू नको. मग उतार लागतो, व्हील जड होतं, आता वळव. डोळे मिटून सुद्धा कळेल असं ते असतं. जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफे ट्रॅकचा २०.८ किलोमीटरचा लॅप ज्याला एकट्याने, कोणी मागेपुढे नसताना, रात्री जेवण झाल्यावर शांतपणे मारायचाय त्याच्यासाठी माझ्या मते आजही हाच. अट एकच, व्हील पाहिजे. कंट्रोलरवर यातला अर्धा आनंद जातो.

पीसीवर मॉडचा, म्हणजे लोकांनी बनवून गेममध्ये घालायच्या भरीचा, खजिना वेगळाच. कंटेंट मॅनेजर आणि कस्टम शेडर्स पॅच हे दोन टाकले की पाऊस, रात्र, नवीन प्रकाश, सगळं येतं, लोकांनी बनवलेल्या गाड्या आणि रस्ते तर मोजता येणार नाहीत इतके. त्यातल्या कित्येक मॉड गाड्यांचं फिजिक्स अंदाजपंचे असतं हे मात्र लक्षात ठेवा. दिसायला सुंदर आणि चालवायला साबण अशा गाड्या मी ढिगाने डिलीट केल्यात. याच कंपनीचा असेटो कोर्सा एव्हो जानेवारी २०२५ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, पण पहिली सिम घेणाऱ्याला मी अर्धवट बांधलेल्या घरात राहायला सांगणार नाही.

एसीसी त्याच कुनोसचा, २०१९ चा. यात एमएक्स-५ नाहीच, त्यामुळे माझी परीक्षा इथे जरा मोडते. मुख्य गाड्या जीटी३, म्हणजे पोर्शे ९११, फेरारी ४८८ वगैरे रेससाठी बांधलेल्या, डाऊनफोर्स (हवेने गाडी रस्त्यावर दाबणारा जोर) असलेल्या, एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच घसरून फिरू न देणारी सोय) असलेल्या. पॅडॉकला याच वळणात वेग इतका जास्त की पहिल्या दिवशी मी दरवेळी फार लवकर ब्रेक मारत होतो, विश्वासच बसत नव्हता की गाडी थांबेल. एबीएसमुळे सुरुवातीला जोरात ब्रेक दाबायला भीती वाटत नाही, म्हणून नवीन माणसाला एसीसी वाटतो त्यापेक्षा सोपा जातो. पण पाऊस आला की सोपेपणा संपतो, पाणी साचतं, रेसिंग लाइन हळूहळू वाळते, आणि कोरड्या टायरवर अजून एक लॅप काढायचा की टायर बदलायला पिटला जायचं या एका निर्णयावर तासाभराची रेस फिरते. आवाज चौघांमध्ये सगळ्यात भारी, हे बिनधास्त सांगतो. ज्याला एकच प्रकारची गाडी खोलात शिकायचीय आणि टायर प्रेशर, ब्रेक बायस (ब्रेकचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत कसा वाटायचा) यात डोकं घालायला आवडतं त्याने हा घ्यावा. ज्याला दर आठवड्याला नवीन गाडी पाहिजे तो महिन्याभरात कंटाळेल.

आयरेसिंगला गेम म्हणावं की क्लब हा प्रश्न आहे. पॅपायरस या जुन्या रेसिंग गेम कंपनीच्या डेव्ह केमरने जॉन हेन्री या उद्योगपतीबरोबर उभा केला, २००८ मध्ये लोकांसाठी सुरू झाला, फक्त पीसीवर. सबस्क्रिप्शन चालू असेल तरच चालतो आणि वर बहुतेक गाड्या, ट्रॅक वेगळे विकत घ्यायचे, आणि सबस्क्रिप्शन संपलं की विकत घेतलेलंही चालवता येत नाही. हे आधी नीट समजून घ्या, नंतर वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही.

मग लोक का राहतात? रेससाठी. तुम्ही रूकी म्हणून सुरू होता, बहुतेक जण एमएक्स-५ मध्येच, आणि सेफ्टी रेटिंग (किती सुरक्षित चालवता याचे गुण) सांभाळत डी, सी, बी, ए असं वर चढता. धडक झाली की चूक कोणाची हे सिस्टम बघत नाही, इन्सिडंट पॉइंट दोघांनाही लागतात. पहिल्यांदा याचा भयंकर राग येतो. पण काही आठवड्यांनी लक्षात येतं की आपण शेजारच्या गाडीला जागा सोडायला लागलोय, पॅडॉकला कोणी आतून घुसतोय असं दिसलं की बाहेरून थोडं थांबून ड्रुइड्सच्या चढाला परत पकडायला लागलोय. रेस ठरलेल्या वेळेला सुटते, समोर खरी माणसं, हिरवा दिवा लागायच्या आधी माझे हात आजही घामाने ओले होतात, इतकी वर्षं झाली तरी. हे बाकी तिघांत मला या प्रमाणात कधी झालं नाही. स्टिअरिंगमधून येणारी जाणीव असेटोइतकी बोलकी वाटत नाही, पाऊस बरीच वर्षं नव्हता, २०२४ मध्ये आला, पण रेस म्हणून रेस याच्याइतकी कुठेच नाही. रोज ठरावीक वेळ काढता येत नसेल, घरात मधेच उठावं लागत असेल, तर नका घेऊ.

तर माझं मत सरळ आहे. कंट्रोलर आणि प्लेस्टेशन असेल, गाड्या आवडत असतील, तर ग्रॅन टुरिस्मो ७. पीसी आणि व्हील आहे, एकट्याने गाडी चालवण्याचं सुख पाहिजे, तर आधी असेटो कोर्सा, आणि सहा महिने दुसरं काही बघू नका. पाऊस, रात्र, लांब रेस यांचं खूळ असेल तर एसीसी. माणसांशी रेस करायची असेल तर आयरेसिंग, पण आधी वरच्यापैकी एकात गाडी शंभर लॅप सरळ ठेवायला शिकून या, बाकीच्यांवर उपकार होतील.

सामानाचं थोडक्यात. गिअरवालं व्हील, बेल्टवालं, डायरेक्ट ड्राइव्ह असे प्रकार असतात, डायरेक्ट ड्राइव्हमध्ये व्हील थेट मोटरवर बसतं म्हणून बारीक जाणीव हरवत नाही. पण पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर व्हीलच्या आधी ब्रेक पेडलवर घाला. साधं पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं, लोड सेलवालं पेडल किती जोर दिला ते मोजतं, आणि पायाला अंतरापेक्षा जोर जास्त चांगला लक्षात राहतो. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती रुंद दृश्य दिसतं ते, स्क्रीनपासूनच्या अंतराप्रमाणे लावा, सुरुवातीला खिडकीतून बघितल्यासारखं अरुंद वाटेल पण वळणं त्यामुळेच खऱ्या अंतरावर दिसतात. आणि पेडल घरी आले की पहिल्याच दिवशी मागे भिंत किंवा फळी लावून घट्ट टेकवा. माझे पेडल कित्येक महिने जोरात ब्रेक मारला की फरशीवर बोटभर मागे सरकायचे आणि मी पॅडॉकला दर लॅपला वेगळीकडे ब्रेक मारत होतो, फळी लावली त्याच संध्याकाळी सलग वीस लॅप एकाच खुणेवर ब्रेक पडला.