व्हॉल्व्ह चकाचक, आत सगळं जुनंच: टँक सर्व्हिसिंगमध्ये मला कसं फसवलं

डायव्हिंगच्या हवेच्या टँकचा व्हॉल्व्ह सर्व्हिसला दिला होता, बिलावर लिहिलं होतं "तोंडाची ओ-रिंग बदलली". आता माझा व्हॉल्व्ह आहे 300 बारचा डिन, म्हणजे ज्यात रेग्युलेटर (टँकमधली हवा श्वासासाठी देणारं यंत्र) आट्यांनी आत बसतो, त्याच्या तोंडाला ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी गोल रबरी रिंग, असतच नाही, ती रेग्युलेटरच्या बाजूला असते. योकवाल्या, म्हणजे रेग्युलेटर बाहेरून शिकंज्यासारखा आवळायच्या व्हॉल्व्हला असते समोरच, बोटाने दिसते अशी. म्हणजे जी वस्तू माझ्याकडे नाहीच ती बदलल्याचे पैसे मी दिले, आणि एवढी वर्षं डायव्हिंग करून बिल नीट वाचलंसुद्धा नाही. हसा खुशाल, मी पण हसलो, पण खूप नंतर.

झालं असं की माझ्या एका टँकचा व्हॉल्व्ह उघडला की नॉबच्या मुळाशी बारीक बुडबुडे यायचे, बंद केला की थांबायचे. आणि बंद करताना नॉब आवळायला लागायचा, म्हणजे चांगलाच जोर लावून. ही दोन वेगळी दुखणी आहेत बरं का. उघडल्यावर नॉबपाशी गळतंय म्हणजे स्टेमची, नॉबला जोडलेल्या दांड्याची, ओ-रिंग गेली, कारण व्हॉल्व्ह बंद असताना तिथपर्यंत प्रेशर पोचतच नाही. आणि बंद करायला जोर लागतोय म्हणजे सीट खराब झाली, ते आतलं नरम पॅकिंग ज्याच्यावर हवा अडते. त्यात दोष माझाच, प्रत्येक वेळी गळेल गळेल म्हणून आवळून आवळून मीच त्याला खड्डा पाडला. जितकं आवळाल तितका खड्डा खोल आणि मग पुढच्या वेळी अजून आवळा, असं ते चक्र.

तर एकाकडे दिला. दुकान मोठं, बोलणं गोड, "साहेब फुल सर्व्हिस करतो, ओरिजिनल किट टाकतो, बघायलाच नको". परत आला तेव्हा व्हॉल्व्ह आरशासारखा चमकत होता, नॉब लोण्यासारखा फिरत होता आणि टँकवर व्हिज्युअल इन्स्पेक्शनचा नवा कोरा स्टिकर. मी खूश. तीन डाइव्ह झाल्या, काही नाही. चौथ्या डाइव्हला साधारण 15 मीटरवर बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराने, माझा खांदा धरला आणि मागे बोट दाखवलं, नॉबपाशी बुडबुड्यांची माळ लागली होती. अशा वेळी हवा एकदम संपते असं नाही, पण ही गळती वाढेल की एवढीच राहील ते पाण्याखाली कोणाला कळणार, म्हणून डाइव्ह सोडली, वर येताना थोडं थांबायचा सेफ्टी स्टॉप केला आणि वर आलो. बडी वर आल्यावर पहिलं वाक्य बोलला, "अरे तू परवाच सर्व्हिस केलास ना हा?"

दुकानदाराला विचारलं तर म्हणे "नवीन रिंग आहे साहेब, सेट व्हायला वेळ लागतो". हे साफ खोटं. ओ-रिंग काय नवीन चप्पल आहे का वापरून वापरून बसायला, योग्य मापाची रिंग स्वच्छ खाचेत बसली की पहिल्या दिवसापासून धरते. इथे माझ्या डोक्यात किडा वळवळला.

माझा दुसरा टँकपण सर्व्हिसला आलेलाच होता. एका जुन्या डायव्हरने युक्ती सांगितली, घरातली नेलपॉलिश घे आणि व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला दोन बारीक रेघा मार, एक नॉबखालचा नट आणि व्हॉल्व्हची बॉडी यांच्यावरून, दुसरी व्हॉल्व्ह आणि टँकची मान यांच्यावरून. नट फिरला की पहिली तुटणार, व्हॉल्व्ह टँकमधून निघाला की दुसरी. सुईच्या टोकाएवढ्या रेघा मारल्या आणि त्याच माणसाकडे नेऊन दिला, आणि या वेळी सांगितलं की जुने पार्ट मला परत पाहिजेत.

टँक आला. पुन्हा चकाचक, पुन्हा नवा स्टिकर. आणि दोन्ही रेघा जशाच्या तशा! म्हणजे नटाला पानासुद्धा लागलेला नाही. स्टेमची रिंग बदलली, सीट बदलली, मानेची रिंग बदलली, सगळं बिलावर, आणि व्हॉल्व्ह टँकमधून बाहेरच निघाला नाही. मला जास्त राग स्टिकरचा आला. आतून गंज आहे का, मानेच्या आट्यांना तडा आहे का, हे बघायला व्हॉल्व्ह काढावाच लागतो, दुसरा रस्ताच नाही. पॅकिंगचे पैसे खाल्ले तर खाल्ले, पण न बघता "बघितलं" म्हणून स्टिकर चिकटवणं म्हणजे फार झालं. जुन्या पार्टची पुडीपण दिली बरं का त्याने, त्यात चपट्या झालेल्या चार-पाच रिंगा, कोणाच्या होत्या देव जाणे, आणि त्यात एक योकच्या तोंडाची रिंग! खोटं बोलायचं तर निदान व्हॉल्व्ह कुठला आहे ते तरी बघायचं ना माणसाने. तिथे मला पहिलं बिल आठवलं आणि घरी येऊन ते काढून वाचलं.

मग पहिला टँक दुसऱ्या टेक्निशियनकडे नेला आणि समोर उभा राहिलो. टँक पूर्ण रिकामा करून त्याने नट उघडला तर आत पांढऱ्या ग्रीसचा गोळा. त्या गोळ्यानेच तीन डाइव्ह गळती दाबून धरली होती आणि नॉब लोण्यासारखा फिरत होता तोही त्याच्यामुळेच. रिंग तीच जुनी, गोल राहिलीच नव्हती, एका बाजूने चपटी. सीटला माझा खड्डा तसाच. त्याने विचारलं यात नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनवाली हवा) भरता का, म्हटलं हो, आणि भरताना आधी शुद्ध ऑक्सिजन सोडून मग वर हवा भरतात. त्याचा चेहराच उतरला. ऑक्सिजनसाठी ग्रीस वेगळं लागतं, क्रिस्टोल्यूबसारखं, साधं सिलिकॉन ग्रीस हाय प्रेशर ऑक्सिजनमध्ये पेट घेऊ शकतं. हे ग्रीस कुठलं ते कोणालाच माहीत नाही, म्हणून अख्खा व्हॉल्व्ह सुटा करून ऑक्सिजनसाठी साफ केला आणि रिंगा व्हायटनच्या, म्हणजे ऑक्सिजनला चालणाऱ्या रबराच्या टाकल्या.

तर तुम्ही व्हॉल्व्ह देताना नेलपॉलिश लावाच, ग्रीस कुठलं वापरणार ते विचारा, आणि शक्य असेल तर समोर उघडायला सांगा, तासाभराचं काम असतं, टाळाटाळ केली की समजून जा. परत आल्यावर घरी साबणाचं पाणी घ्या. बंद असताना मानेभोवती लावा आणि तोंडावर साबणाचा पापुद्रा धरा, फुगला तर सीट गळतेय. मग तोंड कोरडं करून रेग्युलेटर लावा, हळू उघडा आणि नॉबपाशी बघा. पण पाना घेऊन स्वतः नट उघडायला जाऊ नका, टँक रिकामा वाटला तरी नाही, कधीकधी व्हॉल्व्हच तुंबलेला असतो आणि आत प्रेशर तसंच असतं.

पहिल्याला नेलपॉलिशच्या रेघा दाखवल्या तर म्हणाला, "पोरांनी केलं असेल साहेब, मी नव्हतो". पैसे परत नाहीत. आता दोन्ही टँकचे नॉब दोन बोटांनी बंद होतात, स्टिकर मी खरवडून टाकलेत, आणि ती पुडी अजून किटबॅगेत आहे.