शेव्हेलमध्ये ३५० की ४५४?

१९६८ ते १९७२ मधली शेव्रोलेची शेव्हेल घ्यायची एवढं पक्कं झालं की पुढचा प्रश्न इंजिनाचा: ३५० घनइंचांचं ‘स्मॉल ब्लॉक’ की ४५४ घनइंचांचं ‘बिग ब्लॉक’. तिथे बहुतेकांचं मन बघण्याआधीच बिग ब्लॉककडे झुकलेलं असतं. इथे डेट्रॉईटच्या आसपास आपली बरीच मराठी मंडळी गाड्यांच्याच धंद्यात आहेत, आणि त्यांच्यातही हा ओढा दिसतो. मी स्वतः या फाट्यावर बरेच दिवस उभा होतो. शेवटी मी काय निवडलं आणि कशामुळे, ते सांगतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. हाती आलेल्या गाडीत तिचं जन्माचं बिग ब्लॉक असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. ते इंजिन जपा, दुरुस्त करा, पण काढू नका. ते जन्माचंच आहे का हे बघायला उजव्या हेडच्या पुढे, ब्लॉकच्या सपाट जागेवर गाडीच्या नंबरातले शेवटचे आकडे ठोकलेले असतात, ते जुळवून पाहा. आणि १९७० ची गाडी ‘एसएस’ (सुपर स्पोर्ट, म्हणजे शेव्हेलची जोरदार आवृत्ती) आहे हे निव्वळ व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, कळत नाही. १३६ ने सुरू होणारा नंबर फक्त व्ही-८ मालिबू (शेव्हेलचंच एक मॉडेल) एवढंच सांगतो. कारखान्याचे कागद असल्याशिवाय ‘एसएस’चे पैसे मोजू नयेत, असं मला वाटतं. मी बोलतोय ते साध्या मालिबूबद्दल, जिच्यात ३०७ चं छोटं इंजिन थकून बसलंय किंवा बॉनेटखाली इंजिनच नाही.

४५४ ची बाजू आधी मांडतो, कारण तिला खरंच मोठी बाजू आहे. माझ्या एका मित्राच्या १९७० च्या शेव्हेलमध्ये ते आहे आणि त्याच्या मोठेपणामुळे ती गाडी मला भरपूर चालवायला मिळाली. पेडलवर पाय नुसता टेकवला की गाडी अशी उचलते की मागच्या सीटवरचा माणूस बोलायचा थांबतो. गिअर कुठलाही असो, आरपीएम कितीही असो, इंजिन ‘आता नाही’ असं कधी म्हणत नाही. चार इंचांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि सव्वाचार इंचांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आहे, त्यामुळे खालच्या फेऱ्यांतच सगळा जोर हजर असतो. शिवाय तो आवाज. ३५० चा आवाज मला फार आवडतो, पण ४५४ चा छातीत जाणवतो. त्या बाबतीत तुलना करायची नाही, हे मी मान्य केलंय.

आकड्यांवर मात्र फार विसंबू नका. १९७० मध्ये ४५४ चे दोन प्रकार होते: एलएस-५ कागदावर ३६० अश्वशक्तीचं, एलएस-६ ४५० चं, आणि चार बॅरलच्या कार्ब्युरेटरचं ३५० तीनशेचं. हे सगळे ‘ग्रॉस’ आकडे, म्हणजे इंजिन बाकावर ठेवून, अंगावरचं जोडकाम उतरवून घेतलेले. १९७२ ला फक्त ‘नेट’ आकडे, म्हणजे सगळं जोडकाम लावून मोजलेले, छापायला लागल्यावर तेच ४५४ २७० वर आलं आणि ३५० १७५ वर. अर्थात १९७१ ला कॉम्प्रेशनही खाली आणलं होतं, त्यामुळे सगळा फरक मोजण्याच्या पद्धतीचा नाही. पण ‘साडेचारशे घोडे’ ऐकून सौदा करू नये एवढं खरं. शिवाय आज बाजारात ‘४५४’ म्हणून जे मिळतं ते बरेचदा नंतरच्या ट्रकांतून काढलेलं असतं, आणि त्याचा एलएस-६ शी संबंध ब्लॉकच्या आकारापुरताच उरतो.

आता ज्या कारणानं माझा निर्णय झाला त्याकडे येतो. ४५४ तापलं की पुन्हा सुरू होत नाही.

या गाड्या आपण चालवतो कधी? उन्हाळ्यात. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत जुन्या गाड्यांची रांग लागते. १९९५ पासून हा सोहळा चालू आहे, आणि त्या रांगेत वेग जवळजवळ पायी चालण्याचाच. मित्राची गाडी तिथे तापायची. काटा लाल रेषेच्या बराच खाली असायचा, म्हणजे रेडिएटरचं काम चोख होतं. पण पेट्रोल भरायला थांबलो, इंजिन बंद केलं आणि दहा-पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली की सेल्फ घ्यायचाच नाही. कधी नुसता ‘टक्’. कधी ‘घूंऽऽ’ असा एक हुंकार आणि मग शांतता. बॅटरी नवी, केबल जाड, तरीही तेच. बॉनेट उघडं टाकून अर्धा तास थांबायचं, की मग काहीच झालं नाही अशा थाटात गाडी सुरू. पंपावर मागे रांग लागलेली, लोक मदतीला येतात, ढकलू का विचारतात. ऑटोमॅटिक असल्यामुळे ढकलून उपयोगही नाही.

याची कारणं समजून घेतली तर पुढचं सोपं जाईल. या इंजिनांत सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा विजेचा खटका) स्टार्टरच्या अंगावरच बसवलेलं असतं, आणि स्टार्टर उजव्या बाजूला, एक्झॉस्टच्या अगदी कुशीत. इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, वारा थांबतो आणि हेडर्सची, म्हणजे नंतर बसवलेल्या एक्झॉस्टच्या नळ्यांची, सगळी धग स्टार्टर शोषून घेतो. तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो, करंट कमी पडतो. किल्लीकडून सोलेनॉइडला येणारी जांभळी वायरही पन्नास वर्षांची असते, तीही थोडे व्होल्ट खाते. आणि नेमक्या याच वेळी त्या स्टार्टरला सव्वाचार इंची पिस्टन सव्वादहाच्या कॉम्प्रेशनवर ढकलायचे असतात. ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे ठेवलेलं असेल तर इंजिन उलटा धक्काही देतं. याचा दोष मी मूळ बांधणीला देणार नाही. कारखान्यातून गाडी एक्झॉस्टच्या ओतीव लोखंडी मॅनिफोल्डसह यायची आणि स्टार्टरवर पत्र्याचा आडोसा असायचा. हेडर्स नंतरच्या मालकांनी लावले, आणि तो आडोसा बहुतेक गाड्यांत कधीच नाहीसा झालेला असतो.

उपाय आहेत, आणि मित्रानं ते बहुतेक केलेही. स्टार्टरला उष्णतारोधक गुंडाळी, हेडर्सवर पट्टी, सोलेनॉइडचं काम फेंडरवरच्या वेगळ्या रिलेवर आणि शेवटी गिअर रिडक्शनचा छोटा, जोरकस स्टार्टर. या शेवटच्या उपायानं सर्वांत जास्त फरक पडला, म्हणून खर्च करायचा तर तिथूनच सुरुवात करा. तरीही कडक उन्हात तो इंजिन बंद करायला कचरतो. पंपावर नुसता पेट्रोलचा विचार न करता ‘परत सुरू होईल ना’ हा विचार करावा लागतो, आणि माझ्यासाठी तिथेच मजा संपते. (सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेटत नाही, असं असेल तर तो निराळा प्रश्न. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल उकळत असतं, आणि हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे ते लवकर उकळतं. कार्ब्युरेटरखाली जाड स्पेसर घातला की बहुतेक वेळा भागतं.)

माझ्या गाडीत ३५० आहे. बोअर करून नव्यानं बांधलेलं, कॉम्प्रेशन नऊच्या आसपास, एक्झॉस्ट ओतीव मॅनिफोल्डचाच. भर दुपारी, कुठल्याही पंपावर, किल्ली फिरवली की पहिल्या अर्ध्या फेरीत सुरू. हेडर्स लावले तर ३५० लाही हा त्रास होतो, तेव्हा माझी तुलना काटेकोर नाही हे कबूल. पण ३५० मला ओतीव मॅनिफोल्डवर पुरेसं वाटतं. ४५४ घेणारा माणूस हेडर्स लावल्याशिवाय सहसा राहत नाही, आणि एवढ्या मोठ्या इंजिनाला मोकळा श्वास हवाही असतो.

वजनाचा मुद्दा याच्या खालोखाल. लोखंडी बिग ब्लॉक स्मॉल ब्लॉकपेक्षा शंभर पौंडांहून अधिक जड, आणि ते सगळं पुढच्या चाकांवर. वळणावर ४५४ ची शेव्हेल सरळ जायचा हट्ट धरते, ३५० ची वळते. मी काही रेस ट्रॅकवर घड्याळ लावलेलं नाही, पण स्टिअरिंग हातात घेतलं की पहिल्याच चौकात कळतं.

खर्चाचं थोडक्यात. ३०७ च्या जागी ३५० बसतं ते जवळजवळ बोल्टला बोल्ट लावून. ४५४ साठी पुढचे स्प्रिंग, मोठा रेडिएटर, माउंट, पुल्यांचे ब्रॅकेट आणि एक्झॉस्ट बदलावा लागतो, आणि मग दहा बोल्टांचा मागचा अ‍ॅक्सल किती टिकेल ही काळजी उरते. गिअरबॉक्सचा बोल्टांचा नमुना मात्र दोन्हींचा एकच, तिथे तुम्ही वाचता. पेट्रोलचं म्हणाल तर मित्राची गाडी गॅलनला दहा मैलांच्या आत, माझी हायवेवर पंधरापर्यंत जाते.

तरीही ज्याला ती ओढच हवी आहे, जो गाडी मुख्यतः संध्याकाळी, मोकळ्या रस्त्यावर काढणार आहे आणि ज्याच्या गॅरेजमध्ये स्वतःची हत्यारं आहेत, त्यानं ४५४ घ्यावं, मी अडवणार नाही. मधली वाटही आहे. ३५० चा ब्लॉक तीस थाउ (इंचाचा तीस हजारांश) बोअर करून त्यात ४०० स्मॉल ब्लॉकच्या स्ट्रोकचा क्रँक टाकला की ३८३ होतं. वजन स्मॉल ब्लॉकचं, खालचा जोर बराच वाढलेला. माझं ३५० पुढे कधी उतरवायची वेळ आली तर मी तेच बांधेन.

आणि दुसऱ्याची तयार ४५४ ची गाडी बघायला जात असाल तर विक्रेत्याला आधीच फोनवर सांगा की इंजिन गार ठेवू नका. अर्धा तास गावातल्या सिग्नलांवरून चालवा, मग बंद करा आणि पंधरा मिनिटं गप्पा मारा. बॉनेट उघडू देऊ नका. मग किल्ली तुम्ही स्वतः फिरवा, आणि भाव त्यानंतर बोला.